हंसांना गवत दिलं की पोटातले जिवाणू बदलतात का?

माडाखालचा | १२ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज हंसांनी लिहायला लावलं.

गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. गेल्या माघात आठवडी बाजारातून राजहंसांची चौदा पिल्लं आणली. एक मुंगसाने नेलं. पावसाळ्यात बाहेर सोडायची हिंमत होईना म्हणून जुन्या गोठ्यात कोंडली आणि कोंबड्यांचं तयार खाद्य, वर मक्याचा भरडा, असं सुरू केलं. खायची अधाशासारखी. पण आषाढ संपेस्तोवर शिट पातळ, पिवळट, आणि वास असा की शेजारची काकू गडग्यापलीकडून विचारायची, "अरे, काय मेलंय काय तिकडे?" पोटाखालची पिसं चिकट झाली. दोन दगावली. पाण्यातून औषध दिलं. चार दिवस फरक पडला, आठव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

मग श्रावणात एका रात्री गोठ्याची मागची भिंत बसली. इलाजच नव्हता, अकराच्या अकरा वाडीत सोडली. माडांच्या मधल्या पट्ट्यात कोवळं गवत होतं, ते दिवसभर कातरीने कापल्यासारखं खायची. खाद्य संध्याकाळी मूठभर, तेही घरी परत यावीत म्हणून. पंधरा दिवसांत पिसं स्वच्छ, शिट घट्ट, वास गेला.

एका सकाळी चहाचा कप घेऊन धोंड्यावर बसलो आणि काडीने एक शिट फोडून बघितली. करंगळीएवढी लांब, हिरवी, एका टोकाला चुन्याचं बोट लावल्यासारखं पांढरं. आत गवताचे तुकडे जवळजवळ जसेच्या तसे. पात्याच्या शिरा दिसत होत्या. म्हणजे गवत पचतच नाही म्हणायचं, आणि तरी पक्षी टवटवीत!

मेहुणा म्हणतो, "गवतात असतं काय? पाणी." माझ्या वाचनात आलं की गवताने पोटातल्या जिवाणूंची जातकुळीच बदलते. खरंय का हे? आणि आता मार्गशीर्ष लागला, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत पिवळं पडलंय. मे अखेरपर्यंत यांना काय घालू? परत गोणीतल्या खाद्यावर आणायची भीती वाटते.

कातळावरचा | १२ डिसेंबर, रात्री ९:५५

चहा घेताना शिट फोडून बघणाऱ्या माणसाला साष्टांग दंडवत. वाचतोय.

बांद्याचो बाबलो | १२ डिसेंबर, रात्री १०:२०

आमच्या आजोळाक पाच होते. साप येनत नाय म्हणान पाळलेले. साप येवचे थांबले काय नाय ता देवाक ठावक, पण पोस्टमन येवचो बंद झालो.

सूक्ष्मजीवी | १३ डिसेंबर, सकाळी ७:१०

माडाखालचा, तुमचं निरीक्षण एकदम बरोबर आहे आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या काडीच्या टोकावरच होतं.

गाय गवत खाते आणि दोन-तीन दिवस पोटात घोळवते. रवंथ करते, जिवाणूंना निवांत वेळ देते. हंसाला उडायचं असतं (म्हणजे त्याच्या रानटी पूर्वजांना असायचं), एवढं ओझं पोटात ठेवून चालत नाही. त्याच्याकडे गवत साधारण दोन तासांत आरपार जातं. चरताना दर काही मिनिटांनी शिट टाकतो तो यामुळेच. दात नाहीत, पण चोचीच्या कडा करवतीसारख्या, आणि पेटा जबरदस्त. चिकनवाल्याकडे कलेजी-पेटा मागता ना, तोच पेटा. हंसाच्या पेट्याचा दाब कोंबडीच्या जवळपास दुप्पट असतो. आतल्या खड्यांवर गवत चेपलं जातं, पेशी फुटतात, रस निघतो. प्रथिनं आणि साखर त्या रसात. हंस मुख्यतः त्या रसावर जगतो आणि चोथा टाकून देतो. रसवंतीगृहातून बाहेर पडणारं चिपाड तुम्ही बघितलंत, एवढंच.

मग जिवाणूंचा संबंध कुठे? लहान आतडं संपून मोठं सुरू होतं तिथे हंसाला दोन आंधळ्या पिशव्या असतात, प्रत्येकी वीतभर लांब. अंधांत्र म्हणतात त्यांना. सगळं गवत तिथे जात नाही. फक्त पातळ रस आणि अगदी बारीक कण आत ढकलले जातात, जाड चोथा सरळ पुढे. या पिशव्यांत प्राणवायू नसतो आणि जिवाणूंची दाटी असते. बॅक्टेरॉइड्स हे त्यातलं मोठं कुळ. गवताच्या पेशींच्या भिंतीतलं पेक्टिन आणि हेमिसेल्युलोज तोडायची हत्यारं त्यांच्याकडे भरपूर असतात. तोडून ते अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी आम्लं तयार करतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं आवडतं खाणं. खरं सेल्युलोज, म्हणजे तुमच्या त्या शिरा, हंसाकडून फारसं पचत नाही. म्हणून त्या तशाच बाहेर आल्या.

तेव्हा मेहुण्यांना सांगा, गवतात पाणी बरंच असतं हे खरं, पण उरलेल्यातून अस्तराची पंगत उठते.

गुरांचा डॉक्टर | १३ डिसेंबर, सकाळी ८:४५

वरची माहिती चांगली आहे, पण जरा थांबू या.

धागाकर्ते, तुम्ही एका दिवसात पाच गोष्टी बदललीत. खाद्य बदललं, कोंदट गोठा सुटला, ओली जमीन सुटली, गर्दी कमी झाली, ऊन मिळालं. वर श्रावण, म्हणजे पाऊस ओसरता. आणि श्रेय दिलंत फक्त गवताला! आमच्याकडे याला 'उपास केला आणि ताप उतरला' म्हणतात. उतरणारच होता.

दुसरं म्हणजे, हंसाची शिट दोन प्रकारची असते. नेहमीची तुम्ही वर्णन केलीत ती. दिवसातून एक-दोनदा मात्र चॉकलेटी, चिकट, लेह्यासारखी आणि भयंकर वासाची पडते. ती अंधांत्रातली. निरोगी पक्ष्याचीच. लोक ती बघून हगवण समजतात आणि औषध पाजतात. तुम्ही पाहिलेली पिवळी पातळ होती, ती वेगळी गोष्ट. पण औषध कोणतं दिलंत, कोणाच्या सल्ल्याने?

माडाखालचा | १३ डिसेंबर, दुपारी १:३०

डॉक्टर, जवळच्या एका दुकानातून पुडी आणली. दुकानदार म्हणाला सगळ्या पक्ष्यांना चालते. नाव आता आठवत नाही, पाकीट जाळलं.

चॉकलेटीवाली बघितली आहे! बायको त्याला 'स्पेशल' म्हणते.

गुरांचा डॉक्टर | १३ डिसेंबर, दुपारी २:०५

हेच ते. पुडीत बहुधा प्रतिजैविक असणार. ते दिलं की वाईट जिवाणूंबरोबर अंधांत्रातले कामाचेही जातात. चार दिवस बरं वाटतं, मग मोकळ्या जागेत जो आधी घुसेल तो बसतो. तुमचा आठवा दिवस म्हणजे तो. कोलिस्टिनसारखं औषध, जे माणसांसाठी शेवटचं राखून ठेवायचं, ते पक्ष्यांच्या पाण्यात सर्रास पडायचं म्हणून २०१९ साली आपल्याकडे बंदी आली. युरोपने वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविकं देणं २००६ पासून पूर्ण बंद केलं. आणि आपण पाकीट जाळतो.

रागावलो नाही. पुढच्या वेळी पाकीट ठेवा.

नीरक्षीर | १३ डिसेंबर, दुपारी ४:१५

हंस दूध आणि पाणी वेगळं करतो हे लहानपणापासून ऐकलं होतं. आज कळलं, तो प्रत्यक्षात रस आणि चोथा वेगळा करतो, आणि चोथा आपल्या अंगणात ठेवतो. आयडी बदलायचा विचार करतोय.

शब्दवेडी | १३ डिसेंबर, सायं. ५:००

अवांतर: ज्याला आपण राजहंस म्हणतो तो हा नव्हेच ना? इंग्रजी कथांतला लांब मानेचा, तळ्यात तरंगणारा स्वॅन वेगळा, आणि आपल्या वाडीत पायाला चावणारा गूज वेगळा. पक्षीमित्र रानटी गूजला कादंब म्हणतात. हिवाळ्यात पैठणला जायकवाडीवर येतो तो पट्टकादंब. मग धाग्याचं नाव 'पाळीव कादंबांच्या पोटातले जिवाणू' हवं.

कातळावरचा | १३ डिसेंबर, सायं. ५:०८

कादंब म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे गोव्याचं राजघराणं येतं. हंसच राहू दे.

सूक्ष्मजीवी | १३ डिसेंबर, सायं. ६:३०

नावावरून एक कामाची गोष्ट. पाळीव हंस दोन रानटी जातींपासून आले. युरोपातले राखी कादंबापासून, आणि चिनी जाती आशियातल्या हंस-कादंबापासून. आपल्याकडे बाजारात मिळणारे बरेचसे दुसऱ्या वंशातले, चोचीच्या मुळाशी गाठ असते तीच खूण. माडाखालचा, तुमच्यांना गाठ आहे?

माडाखालचा | १३ डिसेंबर, सायं. ६:५०

आहे. नराची मोठी. मुलगी त्याला टेंगूळ म्हणते.

आगरातली | १३ डिसेंबर, रात्री ९:१५

मी रेवदंड्याची. सुपारीच्या आगरात सहा वर्षं हंस आहेत. गवताचं कौतुक चाललंय ते ठीक, पण गवत म्हणजे कुठलंही गवत नव्हे, हे कोणीतरी लिहायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर कुंपणाकडचं गवत बरंच वाढलं होतं. मला वाटलं, बरंच झालं, सोडून देऊ. तिसऱ्या दिवशी आमची म्हातारी मादी मान वाकडी करून उभी, खाईना. गळ्याच्या खाली हात लावला तर लिंबाएवढा कडक गोळा. मालीश केलं, तेल पाजलं, काही उपयोग झाला नाही. गेल्यावर सासऱ्यांनी कापून बघितलं. आत अक्षरशः काथ्या! लांब लांब पाती एकमेकांत पिळून सुंभ वळल्यासारखी झाली होती. तो वळ मी अजून विसरले नाही.

तेव्हापासून नियम केलाय. वीतभरापेक्षा उंच गवतात सोडायचं नाही. वाढलं तर विळीवर बोटाच्या पेराएवढं चिरून घालायचं. आणि कुसळी गवत फुलोऱ्यावर आलं की तिकडे फिरकू द्यायचं नाही, कुसळं चोचीत आणि डोळ्यात जातात. हरळी सगळ्यात आवडती. लव्हाळ्याचे कोवळे कोंब खातात, टाकळ्याला तोंड लावत नाहीत. आणि शेजारी वाळूचा ढीग हवाच. पेट्यात खडे नसले तर सगळं गवत फुकट.

बांद्याचो बाबलो | १३ डिसेंबर, रात्री ९:४०

ताईनू, वाळूचो ढीग आता आमका घर बांधूक परवडना नाय, हंसाक खंयसून घालू?

आगरातली | १३ डिसेंबर, रात्री ९:५२

बाबल्या, घमेलंभर पुरते रे वर्षाला.

गुळपोळी | १४ डिसेंबर, सकाळी १०:००

भाबडा प्रश्न. हे सगळं करून मिळतं काय? आमच्याकडे हंस खातं कोण? अंडी वर्षाला किती? मका, गवत, घमेलं, डॉक्टर... यापेक्षा वीस गावठी कोंबड्या परवडतील.

माडाखालचा | १४ डिसेंबर, सकाळी १०:४०

खात नाही आम्ही. बेणणीचा खर्च वाचला हाच फायदा. गेल्या वर्षी पावसाळ्यात दोनदा गडी लावून गवत काढलं होतं, यंदा एकदाही नाही. माडांच्या आळ्यांत खत पडतं ते वेगळंच. सुपारीची नवी रोपं मात्र झापांनी झाकावी लागतात, कोवळा कोंब दिसला की कुरतडतात. आणि चोर. आमच्याकडे नारळ चोरीला जायचे, आता नाही जात.

गुळपोळी | १४ डिसेंबर, सकाळी १०:४४

म्हणजे पोस्टमनला चोरांचीही साथ आहे.

सूक्ष्मजीवी | १४ डिसेंबर, दुपारी १२:२०

डॉक्टरांच्या आक्षेपाकडे येतो. पाच गोष्टी एकदम बदलल्या, मान्य. म्हणूनच मोजूनमापून केलेले प्रयोग कामाला येतात. जगातले बहुतेक पाळीव हंस चीनमध्ये आहेत, त्यामुळे असले प्रयोगही तिकडेच होतात. एकाच वयाची पिल्लं घ्यायची, अर्धी राईग्रासच्या कुरणावर, अर्धी पोत्यातल्या खाद्यावर. मग अंधांत्रातल्या जिवाणूंची १६एस नावाच्या जनुकावरून (त्यावरून जिवाणू ओळखता येतात) हजेरी घ्यायची.

त्यांत जे दिसलं ते थोडक्यात असं. काही जिवाणूंच्या कवचात एक विषारी भाग असतो, त्याला एन्डोटॉक्सिन म्हणतात. नुसत्या पोत्यावरच्या हंसांत ते जास्त तयार होत होतं. आतड्याच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात तोवर ते रक्तात उतरत नाही. हे सांधे सैल झाले की उतरतं, मग यकृताला सूज, अंगभर धुमसती जळजळ. कुरणावरच्या हंसांत हे सांधे मजबूत होते. शिवाय आतड्याच्या अस्तरातलं अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं विकर जास्त होतं. ते एन्डोटॉक्सिनचा फॉस्फेटचा काटा काढून टाकतं. विंचवाची नांगी मोडावी तसं. विंचू आहेच, पण चालतो.

म्हणजे मूळ प्रश्नाला 'हो' म्हणायला जागा आहे. पण दोन अडचणी आहेत. एक, हजेरीपटावर नाव आहे म्हणजे तो जिवाणू काम करतोय असं नव्हे, हे शाळेत गेलेल्या कोणालाही पटेल. दुसरी मोठी. राईग्रास हे थंड हवेचं गवत. लुसलुशीत, साखर जास्त. आपली हरळी, मारवेल, नेपियर ही उष्ण प्रदेशातली. भराभर वाढतात आणि भराभर लाकूड होतात. कोकणातलं आषाढातलं गवत आणि कार्तिकातलं गवत यांना एकाच नावाने हाक मारणं म्हणजे शहाळ्याला आणि करवंटीला एकच समजणं.

गुरांचा डॉक्टर | १४ डिसेंबर, दुपारी १:००

शहाळं-करवंटी आवडलं. एवढं पटलं.

पण माझा संशय अजून गोणीवर आहे. माडाखालचा, खरं सांगा. जुलैत जे खाद्य घालत होतात ती गोणी कधी उघडलेली? कुठे ठेवली होती?

माडाखालचा | १४ डिसेंबर, रात्री ८:३०

डॉक्टर, दिवसभर लिहू की नको करत होतो.

दोन गोण्या मे महिन्यात एकदम आणल्या, पावसात रस्ता बंद होतो म्हणून. पडवीत भिंतीला टेकवून ठेवल्या. जमिनीवरच. जुलैत तळाला गेलो तेव्हा ढेकळं झालेली. फोडली की आत राखाडी भुकटी उडायची, जुन्या पुस्तकांसारखा वास. बायको म्हणाली टाका. मी म्हटलं, पक्ष्यांना काय कळतंय, एवढे पैसे घातलेत. ढेकळं चुरून घातली.

गुरांचा डॉक्टर | १४ डिसेंबर, रात्री ८:५५

झालं मग. बुरशी. मका आणि शेंगदाणा पेंडीवर वाढणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. बदकं, हंस यांची पिल्लं त्याला कोंबडीपेक्षा खूपच नाजूक. यकृत जातं. शिवाय तीच बुरशी हवेतून फुप्फुसात बसते ते वेगळंच. दोन पक्षी कशाने गेले ते आता सांगता येणार नाही, पण मी असतो तर आधी गोणी बघितली असती. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी गोणी पंधरा दिवसांच्या वर ठेवू नका. फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. ढेकूळ दिसलं की शेणखड्ड्यात, गुरांनाही नाही.

आणखी एक. कोंबड्यांच्या खाद्यात नायसिन हे जीवनसत्त्व हंसाच्या पिल्लाला पुरेल इतकं नसतं, पाय फाकतात. नुसता भरपूर दाणा मारला तर वाढ पिसांच्या पुढे पळते आणि पंखाचं टोक बाहेर वळतं, ते मोठेपणी पुन्हा सरळ होत नाही.

कातळावरचा | १४ डिसेंबर, रात्री ९:१०

म्हणजे गवत निर्दोष, गोणी दोषी? खटला निकाली?

सूक्ष्मजीवी | १४ डिसेंबर, रात्री ९:४०

निकाली कसला. भिंत पडल्यामुळे दोन गोष्टी झाल्या. विष थांबलं आणि गवत सुरू झालं. पहिल्याने जखम व्हायची थांबली, दुसऱ्याने अस्तर भरायला मदत झाली, असं मी म्हणेन. डॉक्टर पहिल्याला बारा आणे देतील.

गुरांचा डॉक्टर | १४ डिसेंबर, रात्री ९:४५

चौदा.

ताकपिता | १५ डिसेंबर, सकाळी ९:००

सगळ्यावर सोपा उपाय, ताक. पाण्यात ताक घाला, जिवाणू आपोआप सुधारतात. आमच्या कोंबड्यांना देतो. हल्ली दुकानात पक्ष्यांसाठी जिवाणूंची पाकिटंही मिळतात, पण ताक ते ताक.

सूक्ष्मजीवी | १५ डिसेंबर, सकाळी ११:१५

ताकाने नुकसान नाही, पण ताकातले जिवाणू दुधात वाढलेले. गवताच्या पेक्टिनवर राहायला ते कशाला थांबतील? पाहुणे येतात, दोन दिवस राहतात, जातात.

पिल्लांच्या बाबतीत मात्र जिवाणू बाहेरून देण्याची गोष्ट खरी आहे. फिनलंडमध्ये नुर्मी आणि रंटाला या दोघांनी १९७३ साली दाखवलं की यंत्रात उबवलेल्या कोंबडीच्या पिल्लांना मोठ्या निरोगी पक्ष्याच्या आतड्यातला ऐवज पाजला की साल्मोनेला बसायला जागाच उरत नाही. आईच्या मागे फिरणारं पिल्लू हे रोज फुकट करतं. तिच्या शिटेजवळचं गवत टोचतं आणि घराण्याचे जिवाणू घेतं. बाजारातल्या टोपलीतलं पिल्लू पोरकं, पोटानेही पोरकं.

ताकपिता | १५ डिसेंबर, सकाळी ११:३०

ठीक. ताक मीच पितो.

आगरातली | १५ डिसेंबर, दुपारी ३:००

माडाखालचा यांचा खरा प्रश्न सगळे विसरले. मे अखेरपर्यंत काय घालायचं? माझं सांगते.

शिंपणाची वाडी असेल तर गवत मरतच नाही. पाट आणि आळी ओली राहतात, कडेने हरळी हिरवी असते. मी आगराचे चार भाग केलेत, मध्ये जुन्या जाळ्या. एका भागात आठवडाभर चरायला द्यायचं, मग पुढचा. महिन्याने परत पहिल्यावर येतात तोवर बोट-दोन बोटं वाढलेलं असतं, तेच त्यांना हवं असतं. जंतांचाही त्रास कमी होतो.

कमी पडलं तर नेपियर. 'यशवंत', 'जयवंत' या राहुरीच्या विद्यापीठाच्या जाती आमच्याकडे तग धरतात. पण गुरांसाठी कापतो तशी पुरुषभर वाढू द्यायची नाही. गुडघ्याला आली की वरचा कोवळा भाग घ्यायचा, बारीक चिरायचा. रताळ्याचे वेल फार आवडतात. भात निघाल्यावर शेतात वाल-चवळी असते, त्याचा पाला थोडा. केळीच्या गाभ्याचे काप उन्हाळ्यात. अझोला करून बघितला, खातात, पण ते गवत नव्हे. त्यात प्रथिनं असतात, चोथा फारसा नाही. ते खाद्याच्या वाट्यातून कमी करायचं, गवताच्या नाही.

लसूणघास लावायला जाऊ नका. देशावर ठीक, आपल्या तांबड्या आंबट जमिनीत रडत बसतो.

खाजणकर | १५ डिसेंबर, सायं. ४:२०

खाडीकाठी खाजणातलं, म्हणजे खाऱ्या जमिनीतलं, गवत चालेल का? आमच्याकडे बांधाच्या आत एप्रिलपर्यंत हिरवं असतं.

आगरातली | १५ डिसेंबर, सायं. ४:४५

मोठ्यांना चालतं, पण गोडं पाणी जवळ भरपूर हवं. पिल्लांना अजिबात नको.

गुरांचा डॉक्टर | १५ डिसेंबर, सायं. ६:००

ताईंच्या यादीवर माझी सही. फक्त एकच पुरवणी. गवतावरून दाण्यावर किंवा दाण्यावरून गवतावर, दहा-बारा दिवस घेऊन जा. जुने जिवाणू उपाशी मरायला आणि नवे वाढायला वेळ लागतो. एका दिवसात बदललंत तर मधल्या दिवसांत शिट पातळ होणारच, आणि मग तुम्ही पुडी आणणार.

माडाखालचा | १५ डिसेंबर, रात्री १०:००

सगळ्यांचे आभार. आता ठरवलंय. अकरापैकी पाच सुपारीच्या ओल्या भागात, जवळजवळ गवतावर. सहा नारळाच्या बाजूला, नव्या चांगल्या गोणीतलं खाद्य आणि थोडं गवत. मध्ये झापांचं कुंपण. फेब्रुवारीत येऊन सांगतो. डॉक्टर, या वेळी एकच गोष्ट बदलतोय!

गुरांचा डॉक्टर | १५ डिसेंबर, रात्री १०:१०

जागाही बदलताय. पण उत्साह आहे, करा.

कातळावरचा | ११ फेब्रुवारी, सायं. ७:३०

धागा वर काढतोय. प्रयोगाचं काय झालं?

माडाखालचा | १२ फेब्रुवारी, रात्री ९:२०

सांगायला लाज वाटत होती.

पहिल्या रात्री दोन्ही बाजूंनी जो आक्रोश सुरू झाला तो पहाटे मशिदीची बांग झाली तरी थांबला नाही. नर एका बाजूला, त्याची मादी दुसऱ्या. कुंपणाला दोन्हीकडून माना लावून उभे. दुसऱ्या रात्री काकू गडग्यावर बॅटरी घेऊन उभी, "अरे, एकदाचे मारून टाक, नाहीतर मला मार." तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर झापांत हातभर खिंडार आणि अकराच्या अकरा सुपारीत, ओळीने हरळी खातायत. शहाण्यांनी गवताचीच बाजू निवडली, एवढा निष्कर्ष काढला तर चालेल का?

मग प्रयोग सोडला. ताईंनी सांगितलं तसे चार भाग केले, जाळ्या लावल्या. गोणी फळीवर, एका वेळी एकच. दाणा निम्म्यावर आलाय. शिट रोज बघतो, ठीक आहे. 'स्पेशल' दिवसाला एक.

आणि एक बातमी. टेंगूळवाल्याच्या मादीने पेंढ्यात अंडी घालायला सुरुवात केलीय. आजवर सहा. तिलाच बसू द्यावं की गावठी कोंबडीखाली ठेवू? कोंबडीखाली चार मावतील.

आगरातली | १२ फेब्रुवारी, रात्री ९:३५

तिलाच बसू द्या. तीस दिवसांच्या आसपास लागतात, कोंबडी एकवीस दिवसांचा हिशेब धरून बसलेली असते, काही उठून जातात. आणि सूक्ष्मजीवींनी घराण्याच्या जिवाणूंचं काय सांगितलं ते विसरलात का?

बांद्याचो बाबलो | १२ फेब्रुवारी, रात्री ९:५०

पिल्ला झाली काय एक जोडी माका ठेवा. पोस्टमन नवीन इलो हा.